जेवणाचं इतिवृत्त

कनकाम्मांनी रसमचं पातेलं मनगटानं बाजूला सारलं, टेबलावर उमटलेला ओला गोल पदरानं पुसला आणि त्या जागी लॅपटॉप उघडला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जयतीर्थरावांनी आपला टॅब पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, चष्मा नाकावर चढवला आणि मगच भाताचा पहिला घास घेतला.

"हं, बोला आतां," ते म्हणाले. ऐकू येईनासं झाल्यापासून त्यांचा आवाज एक पट्टी वर गेला होता.

"कॅन्टीनमध्ये आज भात कच्चा होता," गिरिधर म्हणाला. त्यांचा हा मुलगा गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून नुकताच आला होता आणि अजून बूट काढल्याच्या दमातच होता.

कनकाम्मांची बोटं पळाली. वाक्य संपतं न संपतं तोच ते टॅबवर उमटलं. जयतीर्थरावांनी वाचलं आणि हसले.

"मग आज दोनदां जेव!"

त्यांचं हसू हल्ली एक वाक्य उशिरा येई, आणि घरानं तेवढं थांबायची सवय लावून घेतली होती. त्यांची सून कीर्ती मात्र डाव्या हातात मोबाइल धरून ऑफिसचे मेसेज बघत जेवत होती. शोळिंगनल्लूरच्या तिच्या कंपनीत संध्याकाळचे सात वाजले म्हणजे दुसरा दिवस सुरू होतो, आणि तो तिच्याबरोबर ताटापर्यंत यायचा.

"अम्मा, मीठ द्या ना," ती म्हणाली.

तेही टॅबवर उमटलं.

मागच्या वर्षी एका तापात जयतीर्थरावांचा उजवा कान गेला आणि डावा जाण्याच्या बेतात राहिला. कानातलं यंत्र आणलं. पण पंखा, कुकर, स्टीलची ताटं आणि खालच्या रस्त्यावरचे हॉर्न हे सगळं त्यातून एकाच जोमानं यायचं, आणि माणसं मागं राहायची. मग टॅबलाच ऐकायला बसवून पाहिलं. बोललेलं तो आपणहून लिहून काढतो म्हणे. पण या घरात वाक्य मराठीत सुरू होतं, तमिळमधून जातं आणि इंग्रजीत संपतं. शिवाय सासूसासऱ्यांची मराठी तंजावरची आणि सुनेची सांगलीची. लग्नानंतर कीर्तीनं कनकाम्मांना पहिल्यांदा बोलताना ऐकलं, तेव्हा एखादी जुनी बखरच गॅसपाशी उभी राहून फोडणी देते आहे असं तिला वाटलं होतं. टॅबनं दोन दिवसांत हात टेकले.

शेवटी कनकाम्माच म्हणाल्या, "मी लिहितें."

नुंगंबाक्कममधल्या एका केंद्र सरकारी कचेरीत त्यांनी अठ्ठावीस वर्षं स्टेनोग्राफरची नोकरी केली होती. जयतीर्थराव तिथलेच, सेक्शन ऑफिसर. कीर्तीनं स्वतःचा जुना लॅपटॉप काढून दिला. त्याची बॅटरी मेली होती, पण प्लग लावला की नीट चालायचा. दोन्हीकडे दिसेल असं एक डॉक्युमेंट तिनं उघडून दिलं: इथं टाइप करा, तिथं वाचा. देवनागरी टायपिंग कुणालाच येत नव्हतं, म्हणून मराठी इंग्रजी अक्षरांतच लिहायची असं ठरलं. तिला या सगळ्याला पंधरा मिनिटं लागली. सासऱ्यांसाठी आपण केवढं तरी केलं असं तिला पुढं बरेच दिवस वाटत होतं.

एवढं करण्याची निकड वेगळीच होती. जयतीर्थरावांनी श्रीरंगमजवळच्या एका ज्येष्ठ निवासात स्वतःचं आणि कनकाम्मांचं नाव घातलं होतं. कुणावर राग नव्हता. "या घरांत मी कपाटासारखा आहें," ते एवढंच म्हणाले होते. "येतात, लागेल तें काढून घेतात, दार लावतात." आता तिथं खोली रिकामी झाली होती आणि रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा असा मेसेज आला होता. गिरिधर म्हणाला, त्यांची इच्छा असेल तसं करू. कीर्तीनं मान हलवली. ती कुणाच्या बाजूनं हलवली हे तिलाही नीट सांगता आलं नसतं.

बुधवारी ती घरूनच काम करत होती. अकराच्या मीटिंगला पाच मिनिटं असताना जयतीर्थराव कॉफीचा डबरा, म्हणजे पसरट वाटीतला पेला, घेऊन तिच्या खोलीच्या दाराशी आले.

"कीर्ती, तुझे आभार मानायचे राहिले."

तिनं 'काय?' म्हणून भुवया उंचावल्या.

"काल तूं म्हणालीस ना, अप्पा गेले तर संध्याकाळीं घरीं यायची घाई मी कशाला करूं? वाचलें आणि जेवण गोड लागलें मज." त्यांनी डबरा तिच्या टेबलावर ठेवला. "दुखरा पाय कसा आहे विचारतेस. हातांतलें पुस्तक कुठवर आलें विचारतेस. गिरी पोटचा असून विचारत नाहीं. विचार करतों आहें मी, त्या खोलीचें काय कळवायचें त्याचा."

कीर्ती हसली. दुसरं काय करावं ते तिला सुचेना. काल जेवताना ती काय बोलली होती? मीठ द्या ना, एवढं तर तिला नक्की आठवत होतं. तिनं लॅपटॉपकडे बोट दाखवलं, ते मीटिंग आहे असं समजले आणि आपला टॅब तिच्याकडे देऊन निघून गेले. बुधवारी टॅब तिचा असे. आकडे लॅपटॉपवर आणि माणसं टॅबवर, अशी दोन पडद्यांची सोय केल्याशिवाय तिला ही मीटिंग झेपायची नाही.

साडेबाराला मीटिंग संपली. टॅबवरची माणसं एकेक करून गेली आणि त्यांच्यामागं ते डॉक्युमेंट उघडंच होतं. एकशेचाळीस पानं. तिनं सहज कालचं जेवण काढलं.

*गिरी : कॅन्टीनमध्ये आज भात कच्चा होता.*
*कीर्ती : अम्मा, मीठ द्या ना.*
*कीर्ती : अप्पा गेले तर संध्याकाळीं घरीं यायची घाई मी कशाला करूं?*

तिनं मागं जायला सुरुवात केली. परवा तिनं विचारलं होतं, अप्पा, पाय कसा आहे. त्याआधी म्हणाली होती, दह्यातली डांगर पच्चडी तुमच्या पद्धतीनेंच करायला शिकवा मज, सांगलीस असें कांहीं मिळत नाहीं. सांगलीची ही मुलगी सबंध आयुष्यात कधी 'मज' म्हणाली नव्हती. एका शुक्रवारी गिरिधर वैतागून म्हणाला होता, "सोड ना, त्यांना सांगून काय उपयोग?" ते तिला स्वच्छ आठवत होतं, कारण त्यावर ती गप्प बसली होती. त्या शुक्रवारी लिहिलं होतं: *गिरी : अप्पांना विचारूं या.*

आधी तिला संताप आला. माझ्या तोंडात शब्द घालायचा यांना काय अधिकार? मग तिनं गेल्या आठवड्यातली आपली खरी वाक्यं शोधून काढली. मीठ द्या. मीटिंग आहे, उठते. वायफाय गेलंय का? बास, भात नको. सगळी मिळून अर्धा पडदासुद्धा भरत नव्हती. एरवी जिथं ती बोललेली दिसत होती, जिथं ती चांगली, विचारपूस करणारी सून होती, तिथं ती नव्हतीच. कीर्तीला लाज वाटली. ती उठली आणि टॅब घेऊन स्वयंपाकघरात गेली.

कनकाम्मा शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या.

"अम्मा, हे मी कधी म्हटलं?"

टॅबकडे न बघताच त्यांना कळलं. त्यांनी शेंगेची एक लांब साल ओढून काढली.

"नाहीं म्हटलेंस."

"मग?"

"कचेरींत अठ्ठावीस वर्षें मी कुणाचा एक शब्द बदलला नाहीं. साहेब चुकीचें बोलले तर चुकीचेंच टाइप केलें." त्यांनी दुसरी शेंग घेतली. "पण तिथें लोक बोलत होते मा. इथें तूं फोन बघतेस, गिरी ताट बघतो. हे आपले चष्मा लावून रिकाम्या टॅबकडे बघत बसतात. आठ दिवस मीहि तशीच बसलें. नवव्या दिवशीं एक ओळ लिहिली."

"कोणती?"

"अप्पा, पाय कसा आहे? तुझ्या नांवावर." त्या किंचित हसल्या. "अर्धा तास सांगत होते पायाचें. तूं मधून मधून मान हलवीत होतीस. तुज आठवत नसेल."

कीर्तीला आठवत नव्हतं.

"पण अम्मा, म्हणजे मी त्यांच्याशी खोटंच बोलत आले, असं झालं ना हे."

"तूं खोटें बोलली नाहींस. तूं बोललीच नाहींस."

भात झाला की झाला म्हणावं, तशा साध्या आवाजात त्या हे म्हणाल्या. रागावल्या असत्या तर कीर्तीला सोपं गेलं असतं.

"तुज नको असेल तर आज जेवतांना मीच त्यांना सांगतें. चूक माझी आहे. मग ते होय म्हणून कळवतील आणि आम्ही जाऊं. सेरि? बरें ना?"

"नको," कीर्ती म्हणाली. "रविवारपर्यंत थांबा. मी बघते."

काय बघणार होती, ते तिला माहीत नव्हतं. सांगावं, तर म्हातारा माणूस खोली घेऊन मोकळा होणार. न सांगावं, तर तो उरलेलं आयुष्य कुठं काढायचं हे तिनं कधी न उच्चारलेल्या वाक्यावर ठरवणार. गुरुवारी ती मोबाइल खोलीत ठेवून जेवायला आली. काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, पण जे जे सुचलं ते तिच्या नावावर आधीच विचारून झालेलं होतं. पाय विचारून झाला होता. पुस्तक विचारून झालं होतं. लहानपणचं तंजावर तर दोनदा झालं होतं. त्या टॅबमधल्या कीर्तीनं हिच्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. शुक्रवारी ऑफिसातून निघायला उशीर झाला. शनिवारी पाहुणे आले. दरवेळी जयतीर्थराव तिच्याकडे बघून हसत आणि तिच्या तोंडचा घास तोंडातच फिरत राही.

रविवारी दुपारी पुन्हा ताटं मांडली, पुन्हा लॅपटॉप उघडला, टॅब तांब्याला टेकला.

"अप्पा," कीर्ती एका दमात म्हणाली, "ती घाईची ओळ माझी नव्हती."

टॅबवर काही उमटलं नाही. कनकाम्मांची बोटं अक्षरांवर ठेवलेली होती, पण हलत नव्हती. सबंध नोकरीत त्या कधी एखाद्या वाक्यावर अडल्या नसतील.

"कसली ओळ? काय चाललंय?" गिरिधरनं विचारलं. त्याच्या हातातला अप्पळम-पापड तसाच राहिला.

कीर्ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि सासूच्या हाताखालून लॅपटॉप हलकेच आपल्याकडे ओढला. उभ्या उभ्याच तिनं लिहिलं, डाव्या हातानं, कारण उजवा उष्टा होता.

*अप्पा, घरी यायची घाई वगैरे मी म्हटलं नव्हतं. पाय, पुस्तक, पच्चडी, काहीच मी विचारलं नव्हतं. अम्मांनी लिहिलं, कारण मी गप्प होते. मी साडेआठच्या आत कधी घरी येत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण मी या गावात आले तेव्हा तुम्ही मला वहीत पन्नास तमिळ वाक्यं लिहून दिली होती. ऑटोवाल्याची, भाजीवाल्याची, डॉक्टरची. रस्ता चुकले तर काय म्हणायचं त्याचीसुद्धा. तीच बोलून मी या गावात उभी राहिले. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत, ते आज मानते. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. हे माझं आहे.*

जयतीर्थरावांनी शेवटपर्यंत वाचलं. मग वर सरकवून पुन्हा वाचलं.

"ठाऊक आहे मज," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?" कनकाम्मांच्या तोंडून गेलं. ते कुणी लिहिलं नाही, पण त्यांना चेहऱ्यावरून कळलं.

"ही दुसऱ्याचें लिहिते तेव्हां त्याच्या तोंडाकडे बघते. बोटांकडे नाहीं, कागदाकडे नाहीं. स्वतःचें लिहितांना मात्र पडद्याकडे बघते. अकरा वर्षें हिला डिक्टेशन दिलें आहे मी. एवढें कळणार नाहीं?" ते कनकाम्मांकडे बघून हसले. "पहिल्याच दिवशीं कळलें होतें. पण वाचायला बरें वाटत होतें, म्हणून बोललों नाहीं."

कनकाम्मांनी पदराचं टोक उगाच नीट केलं. त्यांचे कान लाल झाले होते.

*मग माझे आभार का मानलेत?* कीर्तीनं लिहिलं.

"मज बघायचें होतें, तूं काय म्हणतेस तें. मी असें कुठें म्हटलें, एवढें म्हणायला कितीसा वेळ लागतो?" त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "बुध, गुरु, शुक्र, शनि. तूं म्हणाली नाहींस."

*धीर होत नव्हता.*

"असेल. पण नाहीं म्हणाली नाहींस. तें तरी हिनें लिहिलेलें नव्हतें ना? तें तुझेंच होतें." त्यांनी तांब्यातून पाणी ओतून घेतलं. "काल संध्याकाळींच मी त्यांना कळवलें, खोली दुसऱ्या कुणास द्या."

कीर्ती बाजूच्या खुर्चीत बसली. डोळे भरून आले आणि ते लपवावेत असं तिला वाटलं नाही. इतक्या थोड्यावर इतकं मोठं काही आपल्याला मिळावं याचं तिला नवल वाटत होतं, आणि त्या नवलापेक्षा कृतज्ञता जास्त होती. गिरिधर आईकडे, बापाकडे, बायकोकडे आळीपाळीनं बघत होता. मग त्यानं स्वतःच्या ताटातली पच्चडीची वाटी उचलून वडिलांच्या ताटाशेजारी ठेवली आणि घसा खाकरला.

"अप्पा, पाय खरंच कसा आहे?"

कीर्तीनं लिहिलं. जयतीर्थरावांनी वाचलं आणि खो खो हसत सुटले.

"आहे, आहे, जागेवर आहे!" हसू ओसरल्यावर त्यांनी टॅब पुसला आणि कीर्तीला म्हणाले, "आतां एक काम कर. लॅपटॉप आज तुझ्याकडेच राहूं दे. तीन महिने मी तुम्हां सगळ्यांचें वाचतों आहें. गिरीचें वाचलें, तुझें वाचलें. हिची एक ओळ नाहीं. तीन महिने ही काय म्हणते, मज ठाऊक नाहीं."

कीर्तीनं पानं मागं सरकवली. दहा, वीस, पन्नास. खरंच नव्हती. लिहिणाऱ्या बाईचं नाव त्या एकशेचाळीस पानांत कुठंच आलं नव्हतं. आणि मग तिच्या हेही ध्यानात आलं की कनकाम्मांसमोर ताटच नाही. सगळ्यांचं होईपर्यंत त्या लिहीत बसत आणि मागाहून गार झालेलं एकट्या जेवत. हे रोज तिच्या डोळ्यांसमोर होत होतं.

ती हात धुऊन आली. ताट आणलं, भात वाढला, वर तूप घातलं, रसमची वाटी भरली.

"अम्मा, तुम्ही जेवा. मी लिहिते."

"मी मागाहून..." कनकाम्मा उठायला लागल्या.

"बसा."

कनकाम्मा परत बसल्या. कीर्तीनं *अम्मा :* असं लिहिलं आणि थांबली.

"काय लिहायचें त्यांत? जेवा तुम्ही सगळे," कनकाम्मा म्हणाल्या.

कीर्तीनं लिहिलं. जयतीर्थरावांनी वाचून मान हलवली. "हें नव्हे," ते म्हणाले आणि वाट बघत राहिले.

कनकाम्मांनी भात कालवला. पहिला घास गरम होता, त्यांना तो तोंडात फिरवावा लागला. गिळून झाल्यावर त्या ताटाकडेच बघत म्हणाल्या,

"मज कुठें जायचें होतें त्या श्रीरंगमला. अर्जावर सही घेतलीत, पण जातेस का म्हणून कुणी विचारलें नाहीं."

कीर्तीची बोटं क्षणभर अडखळली. टॅबमधल्या कीर्तीच्या नावावर ती घाईची ओळ लिहून 'जाऊ नका' असं अम्माच म्हणत होत्या, ते तिला आता कळलं. तिनं वाक्य ऐकलं तसं लिहिलं, तो 'मज'सुद्धा.

जयतीर्थरावांनी ते वाचलं. चष्मा काढला, ताटाशेजारी ठेवला, पुन्हा लावला.

"मग तेव्हांच कां नाहीं सांगितलेंस?"

"लिहिणाऱ्यानें मधें बोलूं नये."

हेही टॅबवर उमटलं. ते वाचून त्यांनी मान वर केली आणि कनकाम्मांकडे पाहिलं.

"आतां तूं लिहीत नाहींस, कनका," ते म्हणाले, आणि या खेपेला त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "आतां सांग."

कनकाम्मांनी रसमची वाटी जवळ ओढली.

"आधीं जेवूं द्या. मग सांगतें. पुष्कळ आहे."